डावा खांदा

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. डावा हात कापड सरकवतो, उजवा हात दांडा ओढतो. दिवसाला सहाशे काजं, अकरा वर्षं. घरी नवरा आणि दोन मुली. धाकटीनंतर तिने तांबी बसवून घेतली. ‘आता कुलूप लागलं,’ असं ती हसत सांगायची.

खांदेदुखी तिथे सगळ्यांच्याच पाचवीला पुजलेली. जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींचे खांदे दाबून देत. काजवालीचा खांदा बटणं लावणाऱ्या मावशीकडे असायचा.

त्या महिन्यात पाळी दहा दिवस लांबली. मग नुसते डाग दिसू लागले.

“चुकली तर नाही ना गं?” मावशीने विचारलं.

“चुकेल कशी? आत चार वर्षांचा राखणदार बसलाय.”

“राखणदारालाही डुलकी लागते, बाई.”

बायका हसल्या. तीही हसली.

तांबी असताना दिवस राहणं विरळा. पण राहिलेच, तर गर्भ पिशवीबाहेर असण्याची भीती मोठी. तांबी बसवताना नर्सने हे सांगितलं होतं. तेव्हा तिचं लक्ष बाहेर रडणाऱ्या धाकटीकडे होतं.

मंगळवारी सकाळी ओटीपोटात एका बाजूला कळ आली. तिने दात आवळून काजं केली. दुपारी कळ ओसरली आणि खांदा धरला.

“दाब गं मावशी. जीव जातोय आज.”

मावशीने सवयीने उजवा खांदा धरला.

“तो नाही. डावा.”

“डावा? दांडा काय आज डाव्या हाताने ओढलास?”

“डावाच.”

मावशी दाबत राहिली. दाबून दुखत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. काजवालीने मशीनवर डोकं टेकलं, तशी ती ठणक वाढली. मावशीच्या हाताला तिची मान गार लागली. घामाने ओली.

मावशीचे हात थांबले. “डाग अजून आहेत?”

तिने मान डोलावली. उठायला गेली आणि दोन मशीनांच्या मधे कोसळली.

“उपाशी असेल,” मुकादम म्हणाला आणि साखरेचं पाणी घेऊन आला.

मावशीने ग्लास बाजूला सारला. “तोंडात काही घालू नका. गाडी बोलवा.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं.

“पाळी कधी आली होती?”

“तांबी आहे,” ती पुटपुटली.

“तांबी जागेवरच आहे. गर्भ नळीत राहिलाय, नळी फुटलीय. पोटात रक्त साचलंय, ते वर छातीखालच्या पडद्याला लागतंय, त्यानेच खांदा दुखतोय.”

कागद पुढे आला. तिची सही अर्ध्यावरच घसरली.

नळी काढावी लागली. ती वाचली.

दोन महिन्यांनी ती कामावर परतली. आताही सुट्टीत ती मशीनवर डोकं टेकते. मावशी मागे येऊन उभी राहते, पण हात ठेवत नाही.

“कुठला?”

“उजवा.”

मग मावशी खांद्याला हात लावते.