जमादाराची दोरी

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात शेकड्यांनी कमरेचे पट्टे केले, पण एकाही गिऱ्हाइकाच्या कमरेला त्यांचा हात लागला नाही. कुणी लागूच दिला नाही. आम्ही चांभार. गिऱ्हाईक घरीच कमरेभोवती दोरी गुंडाळायचं, टोक भिडेल तिथे गाठ मारायचं आणि लांबूनच आमच्या उंबऱ्यापाशी टाकून जायचं. आमच्या हातचं कातडं दिवसभर पोटाला बांधून मिरवायला चालायचं, हात मात्र चालत नव्हता! आज म्हातारपणी लिहितानाही डोकं तापतं.

पट्ट्यात सगळ्यात नाजूक काम भोकाचं. टाका चुकला तर उसवता येतो, भोक बुजवता येत नाही. त्यात दारावर राखण करणाऱ्या पट्टेवाल्यांच्या पट्ट्याला भोक एकच, म्हणजे बक्कल बरोबर बेंबीवर येतं. बाबा दोरी पट्ट्यावर ताणून धरायचे, गाठीपाशी नखाने खूण करायचे आणि पोकळ लोखंडी नळी ठेवून मोगरीचा एकच ठोका द्यायचे. पट्टा अंगाला बसेपर्यंत दोरी जपून ठेवायचे.

कापसाच्या तेजीत अकोल्याला गठाणी ठेवायला जागा पुरेना, आणि ज्याच्या त्याच्या दाराशी पट्टेवाला दिसू लागला. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याची इथे मोठी वखार होती. त्याच्या मुनिमाचा निरोप आला, आधी जमादाराचा पट्टा करा, तो बसला तर सगळ्या राखणदारांचे तुम्हीच करा. वर्षभराचं काम होतं. मी तेव्हा दोन लेकरांचा बाप होतो. रात्रंदिवस तेच डोक्यात.

पट्टा घेऊन आम्ही बापलेक वखारीत गेलो. बाबांनी तो जमिनीवर ठेवला. जमादाराने पाणी शिंपडून उचलला, कमरेला लावला, तर बक्कल एकीकडे आणि भोक चार बोटं दूर.

"डोये फुटले काय रे बुढ्या तुहे?" त्याने पट्टा बाबांच्या पायाशी फेकला. हमाल फिदीफिदी हसले.

माझं टाळकं सरकलं. पिशवीतून दोरी काढून मी जमिनीवर ठेवली. "तुमचीच दोरी हाय, जमादारसाहेब. बांधून पाहा."

तिथेच उभ्या असलेल्या मुनिमाने बांध म्हणून मान हलवली, तेव्हा त्याला बांधावी लागली. दोरीही पुरेना. पोट आत ओढून श्वास कोंडला तेव्हा कुठे गाठीला टोक भिडलं. मेल्याने घरी माप घेताना असंच पोट आवळलं होतं! आता हमाल त्याला हसले.

"पाड मंग दुसरं भोक," तो गुरगुरला.

"पाडतो," बाबा म्हणाले. "पन आता दोरी नाई. तुमच्या आंगावर बोट ठेवून खूण करीन, तवाच पाडीन."

जमादार दोन पावलं मागे सरला. पट्टा स्वतःच कमरेला धरून त्याने कोळशाने खूण केली, जमिनीवर टाकला आणि लांब जाऊन उभा राहिला.

"पाडता काय, का दुसरा कारागीर पाहू?" मुनीम म्हणाला.

बाबा हात मागे बांधून उभे होते. या हातांनी चूक केली नाही, एवढं तरी माना, इतकंच त्यांचं मागणं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे काही मागितलं होतं.

मी पिशवीतून नळी काढली, कोळशाच्या खुणेवर ठेवली आणि ठोका दिला. पट्टा अगदी बरोबर बसला.

काम आम्हालाच मिळालं. बाबा कातडं कापायचे, टाके घालायचे, पण नळीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. "भोकं तूच पाड," एवढंच म्हणाले.

जमादाराला मी आजही शिव्या घालतो, पण त्याने पट्टा फेकला, एवढंच. भोक मी पाडलं. मग वर्षभर आमच्या उंबऱ्यापाशी दोऱ्या येऊन पडत राहिल्या, आणि बाबांच्या देखत मी वाकून एकेक उचलत राहिलो.