मोटारीतलं तीर्थ

पेजेचा वास आला की मी अजून ताटावरून उठतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सून माझ्या ताटात मऊ भात वाढत नाही. पित्तामुळं असेल असं तिला वाटतं. वाटू दे. खरं कारण आमची मोटार आहे, आणि ते आठवलं की मला माझीच किळस येते.

निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. मी तुळजापूरच्या कचेरीत कारकून होतो आणि वडील देवीचे पुजारी. आमचे यजमान रेल्वेनं सोलापूरला उतरायचे आणि तिथून पुढं त्यांचे हाल व्हायचे. म्हणून वडिलांनी एक जुनी मोटार घेतली. ती चालवायचं माझ्या गळ्यात पडलं; यात्रेच्या दिवसांत मी कचेरीतून रजा काढायचो. गाडी इतकी थकलेली की घाटात यजमान उतरून चालायचे आणि मोटारीच्या आधी वर पोचायचे. शेवटी वडिलांनी इंजिन नव्यानं बांधायला दिलं.

बांधणारे मिस्त्री साठीचे होते. नळदुर्गाकडचे मुसलमान. निजामाच्या काळात बड्या अंमलदारांच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. राज्य बदललं तसे अंमलदार गेले, मोटारीही गेल्या, आणि हा माणूस रस्त्याकडेला पत्र्याच्या आडोशाला शेतावरच्या पंपांची इंजिनं खोलत बसला. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो.

त्याच सुमाराला धाराशिवला एक नवा मोटारखाना निघत होता. त्याचा मालक आमचा यजमान. त्याला जाणता मिस्त्री हवा होता आणि चाचांचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं वडिलांना कळवलं, तुमचं इंजिन ते कसं बांधतात ते बघा आणि मला लिहा, त्यावर मी ठरवतो. म्हणजे आमचं इंजिन ही चाचांची परीक्षाच होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा पिस्टन पुसता पुसता ते मला म्हणाले होते की हे नीट चाललं तर म्हातारपणी डोक्यावर छप्पर येईल, पत्रा नको.

वीस दिवस ते खपत होते. एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडलेला. जवळ कुणी बिडी पेटवली तर उठवून लावायचे. नव्या रिंगा, नवी बेरिंगं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा बॉनेटवर ठेवलेली पाण्याची वाटी हलली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. घरी आलो तेव्हा मी खुशीत होतो.

घरी पूजा मांडलेली होती. वडिलांचा हुकूम होता की नव्या इंजिनात पहिलं पाणी देवीच्या तीर्थाचंच पडलं पाहिजे, म्हणून चाचणीपुरतं भरलेलं पाणी दारातच सोडून द्यायला लावलं. कलश भरलेला. त्यात सुपारी, फुलं, अक्षता, सगळं विधिवत. मी सुपारी आणि फुलं काढून घेतली आणि कलश रेडिएटरच्या तोंडात ओतला. मग घरातल्या बायकांनी एकेक चिमूट अक्षता त्याच तोंडात टाकल्या. आईनं मूठभर टाकल्या, लेकाची मोटार म्हणून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. देवाच्या कामात डोकं चालवायची आमच्या घरात कुणाला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना रेडिएटर उकळायला लागला. झाकणातून वाफ, सोबत कसलासा आंबूस वास. वडील म्हणाले, नजर लागली. पुढच्या सकाळी पुन्हा कलश, पुन्हा अक्षता, जितकं पाणी उडालं तितकं तीर्थ भरलं. त्या दिवशी मोटार आणखी लवकर उकळली. मग चौथ्या दिवशी आणखी तीर्थ. आठवडाभर हा खेळ चालला. आज हे लिहिताना माझं मलाच समजत नाही की शिकलासवरलेला माणूस इतका ठोंब्या कसा असू शकतो.

चाचांना बोलावलं. त्यांनी आधी पंख्याचा पट्टा बघितला. मग टायमिंग बघितलं, कारण ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं. ते चोख होतं. हेडचं गॅस्केट गळत असेल तर पाण्यात बुडबुडे येतात म्हणून झाकण उघडून रेडिएटरात वाकून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग झाकण हळूच लावलं, हात फडक्याला पुसले, आणि माझा हात धरून रेडिएटरवर ठेवला. वरच्या बाजूला चटका बसत होता, खाली गार लागत होतं. पाणी खाली उतरतच नव्हतं.

चाचा वडिलांना म्हणाले, रेडिएटरचं पाणी एकदा सोडून देतो आणि धुऊन काढतो, तासाचं काम आहे. वडिलांचा चेहराच बदलला. ते पाणी म्हणजे तीर्थ, ते गटारात सांडायचं? आणि सोडणार कोण, तर हे? हे शेवटचं त्यांनी शब्दांत म्हटलं नाही, पण चाचांकडं ज्या नजरेनं बघितलं त्यातून अंगणातल्या कुत्र्यालाही समजलं असतं. पाण्याला हात लावायचा नाही, बाकी काय करायचं ते करा. चाचांनी आणखी एकदा विचारलं, हेड उघडून बघायचं तरी पाणी सोडावं लागेल. तरी नाही. मग ते दोन दिवस उगाच इकडचे स्क्रू तिकडं करत राहिले, कारण काही केलं नाही तर काम येत नाही असं झालं असतं. मोटार उकळायची ती उकळतच राहिली.

वडिलांनी जातील तिथं सांगायला सुरुवात केली की म्हाताऱ्याचा हात गेला, रिंगा घट्ट बसवल्यात. नाक्यावरचे रिकामटेकडे माना डोलवायचे. इंजिन उभ्या जन्मात न बघितलेली माणसं पिस्टनवर बोलायची. शी!

मग धाराशिवहून निरोप आला, मत कळवा. माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्र मी लिहायचं, सही वडिलांची. वडिलांनी सांगितलं की इंजिन तापतं, आमचा अनुभव चांगला नाही, एवढं लिही. मी लिहिलं. रेडिएटर वर गरम आणि खाली गार हे माझ्या तळहाताला ठाऊक होतं, तरी लिहिलं. आणि आदल्या दिवशी घाटात यजमानांसमोर माझी फजिती झाली होती, त्या रागात खाली एक वाक्य माझ्या मनचं जोडलं की अशा माणसाच्या हाती लोकांची वाहनं देऊ नयेत. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पत्र गेलं. दोन दिवसांनी मी सोलापूरहून चार यजमान घेऊन येत होतो. घाट सुरू झाला न झाला तोच गाडी उकळली. यजमान नाक मुरडत उतरले आणि मागून आलेल्या बसनं गेले. भर दुपारी रस्त्यावर मी एकटा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तीर्थ असो नाहीतर अमृत असो, आज हे सांडणार. गाडी जरा निवू दिली आणि तळाचा नळ उघडला. पाणी आलंच नाही. पांढुरकी पेज ठिबकायला लागली. झाकण काढून बाभळीची काडी आत घातली, तर ती चिकट लगद्यात रुतली. मग बोटं घातली. रेडिएटरच्या वरच्या टाकीत भात शिजलेला होता. आठवडाभर रोज शिजलेला, रोज निवलेला, आंबलेला, करपलेला, वर तेलकट गंज. बोटांना तो गिळगिळीत लगदा लागला आणि वासाचा भपका आला, तसा मी तिथंच रस्त्याच्या कडेला ओकलो.

तो सगळा घाण लगदा मी काडीनं काढला. खालच्या ओढ्यातून डबा भरून आणून दहा-बारा वेळा पाणी फिरवलं. मोटार घाट अशी चढली की मला रडू आलं.

घरी न जाता मी तसाच चाचांच्या पत्र्यापाशी गेलो. हाताचा वास अजून जात नव्हता. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि त्यांना समजलं.

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"झाकन उघडलं तवाच दिसलं. भात फुगून बसला हुता."

"मग बोलला का नाही, चाचा?"

ते पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या देवाचं पानी घान हाय असं म्या म्हनू? ह्या गावात, मालक?"

राज्य बदललं त्या वर्षी त्यांच्या गावात काय काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी पत्राचं सांगितलं. माझ्या जोडलेल्या वाक्याचं नाही सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, दुसरं पत्र लिहाल का. मी म्हटलं, आजच लिहितो.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मोटार सुधारली ना, देवीची कृपा. आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर तेच सांगत सुटले, की नवस बोलल्यावर इंजिन थंड पडलं. पत्रावर सही करायला साफ नकार. पूजेच्या अक्षतांनी इंजिन बिघडलं हे पुजाऱ्यानं यजमानाला लिहून द्यायचं म्हणजे उद्यापासून दारात कोण उभं राहील?

म्हणून मी माझ्या नावानं लिहिलं. टाक बुडवून पाऊण तास बसलो होतो. भात लिहायचा होता, कलश लिहायचा होता, माझा हात लिहायचा होता. पण मी त्याच घरात जेवत होतो. शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "इंजिनातील दोष सापडला असून मिस्त्रींनी तो दुरुस्त करून दिला आहे."

मालकानं ते वाचून दुसरा मिस्त्री ठेवला. त्यानं तरी काय करायचं? इंजिन चाचांनी बांधलेलं आणि दोष इंजिनातच होता, असं माझ्या दोन्ही पत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं.