यानसाहेबांच्या सुरकुत्या

"सुरकुत्या राहू दे, भाऊ. एकपण काढायची नाही."

मी पेन्सिल हातात धरून बघतच राहिलो. नाशकात इंदिरानगरला फोटो स्टुडिओ टाकल्यापासून असं सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची, प्रिंटमध्ये सुरकुत्या गायब. आमच्याकडे मुलीच्या स्थळासाठी फोटो काढला, तर सोबत आलेले मामासुद्धा टचिंग करून घ्यायचे!

हे गिऱ्हाईक म्हणजे यानसाहेब, मूळचे चेक, स्वतः फोटोग्राफर. विशीत असताना त्यांच्या शहरात परके रणगाडे घुसले, तेव्हा एक कॅमेरा घेऊन चोरून सीमा ओलांडली. जर्मनीत भांडी घासली, लग्नांचे फोटो काढले. पुढे मासिकांची कामं करत नाशिकजवळच्या हरसूलच्या आदिवासी बाजारात पोचले आणि नाशकातच राहिले. प्रिंट माझ्याकडे करायचे. हरसूलच्या डोंगरातलं धुकं डार्करूमच्या ट्रेमधल्या कागदावर उमटायला लागलं की जवळ वाकून बघायचे. "आईच्या गावी पण असंच," एवढंच म्हणायचे. परत गेले असते तर तुरुंग होता. तिकडे सरकारी लोक पत्रं फोडून वाचायचे, म्हणून आईला स्वतःचा फोटोही कधी पाठवला नव्हता.

आता तिकडचं सरकार बदललं होतं. जायच्या आधी आईला फोटो पाठवायचा होता.

"साहेब, आईलाच जाणार ना फोटो? मग जरा तरुण दिसा की!"

"तरुण मुलगा तिच्याकडे आहे, जुन्या फोटोत. गाडीतून हा म्हातारा उतरणार. तिनं ओळखलं नाही तर?"

म्हातारा कसला, पन्नाशीसुद्धा नव्हती. पण आईनं बघून वीसेक वर्षं झाली होती. मी पेन्सिल खाली ठेवली. फोटो आहे तसा गेला.

महिन्याभरानं साहेब आले. हसतायत की रडतायत, कळेना. आईनंही फोटो पाठवला होता. मी भिंग लावलं. अरे देवा! बाई सत्तरीच्या आणि गाल चाळिशीचे. तिकडच्या कुणा पठ्ठ्यानं जीव ओतून टचिंग केलं होतं.

"मागे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तू गेलास तेव्हा होते तशीच आहे. ये."

मी भिंग खाली ठेवलं. चहा मागवला, तो तसाच गार झाला.

साहेब आईकडे गेले, ते तिकडेच राहिले. पुढे एक फोटो आला. स्टेशनातलं बाकडं, त्यावर दोघं, हातात हात. सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी. कुणा प्रवाशानं काढला असावा, चौकट पार तिरकी. मी तो तसाच मोठा करून काउंटरमागे लावलाय.

टचिंगला मी आजही नाही म्हणत नाही, धंदा आहे. फक्त फोटो कुणाला पाठवायचाय, ते आधी विचारतो.