अर्ध्या पुरातून

वैनगंगेचा पूर ओसरू लागला की पवनीच्या घाटावर एके काळी तीस-चाळीस जण लंगोट कसून उभे राहत. उडी घ्यायची, तिरका प्रवाह कापायचा आणि कोसभर खाली पलीकडच्या काठाला लागायचं. याला 'पूर कापणं' म्हणत. एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात पूर कापणारा एकच उरला होता, साठी ओलांडलेला ताराचंद कोष्टी. छत्र्या घेऊन लोक त्याला बघायला येत.

त्याला बघे नको होते, सोबती हवे होते. आपल्यामागे घाट रिकामा पडणार, हे त्याला दिसत होतं.

मागावर बसल्या बसल्या तो दारावरून जाणाऱ्या तरुणांना हाक मारी. भोवऱ्यात सापडलेल्यांच्या, वाहत्या झाडाने बरगड्या मोडलेल्यांच्या गोष्टी रंगवून सांगे. तरुण माणूस धोक्याच्या ओढीनेच येतो, असं त्याचं मत होतं. मुलं ऐकत, आणि ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकायला निघून जात. एक घनश्याम तेवढा पुन्हा पुन्हा येई. मग एके दुपारी त्याची आई शकुनबाई, भाजीची टोपली डोक्यावर तशीच ठेवून, दारात उभी राहिली.

"काकाजी, माह्या पोराले काहून भुलवून राहिले?"

"भुलवून नाही राहिलो, बाई. शिकवतो. संगं नावाड्याचा डोंगा असते ना."

"डोंग्यात चढन का तो? मी नवी नवरी होती तवा पाह्यलं. जो अर्ध्यातून परतला, त्याले साऱ्या घाटानं बांगड्या दाखवल्या. माहा घनश्याम बुडन, पन परतनार नाही. लाजेपायीच मरन."

आत सुताच्या कांड्या भरत बसलेली पार्वताबाई म्हणाली, "बांगड्या दाखवनाऱ्यायत आमचे हेच पुढं होते."

ताराचंदने बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा माग चालू केला. त्या दिवशी त्याच्या हाताखाली धागा सारखा तुटत राहिला.

पोळ्याच्या सुमारास मोठा पूर आला. पाणी उतरू लागलं त्या सकाळी घाट भरला आणि ताराचंदने उडी घेतली. मधल्या धारेपर्यंत तो सहज गेला. दम शाबूत होता, पाय भरले नव्हते, पलीकडची बाभळीची रांग स्पष्ट दिसत होती. आजवर इथून पुढे त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. आज त्याने त्या रांगेकडे पाठ केली आणि पवनीच्याच काठाकडे हात मारू लागला.

तो बराच खाली, चिखलात लागला. लोक काठाकाठाने धावत आले. चहावाला भैय्याजी सगळ्यांत आधी.

"का ताराचंदभाऊ, थकले? बांगड्या कोन्या रंगाच्या आनू?"

हशा पिकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. ताराचंदचे कान तापले, पण तो उठून उभा राहिला.

"हिरव्या आन. माप पाहून आन, मनगट जाड हाये."

मग दम खाऊन तो म्हणाला, "थकलो नाही. परतता येते, हे दाखवाचं होतं. उद्याही अर्ध्यातूनच येतो. ज्याले शिकाचं, त्यानं यावं. पहिल्या साली पलीकडं जाचंच नाही."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मध्यातून वळला. त्याही दिवशी लोक हसले. चौथ्या दिवशी हसायला फारसं कोणी आलं नाही, तरी तो गेला, वळला, आला. तेव्हा शकुनबाई घाटावर होती. तो काठाला लागेपर्यंत ती पाहत राहिली.

पुढचा पूर उतरू लागला तेव्हा ती स्वतः डोंग्यात बसली, घनश्यामचे कपडे मांडीवर घेऊन.

"धारेपाशी फिरजो," तिने ओरडून सांगितलं. "पुढं गेला तं घरात घेनार नाही."

"आनि काकाजी पुढं गेले तं?" पाण्यातून कोणीतरी विचारलं.

"त्यायले पार्वताबाई घेनार नाही."

त्या वर्षी पवनीच्या पुरात सहा जण उतरले. पलीकडे एकही पोहोचला नाही. ताराचंदसुद्धा नाही.