सुकलालचा आठ तोंडांचा डबा

रोटाचे, म्हणजे कानबाईमातेच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू अर्धे निवडून झाले होते. सूप मांडीवर घेऊन मी ओट्यावर खडे काढत बसले होते आणि कानबाईचं गाणं कानाला लागून कोणी म्हणावं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं. गात होती तारा, सुकलालची बायको. ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, विजेच्या खांबाखाली माइक धरून उभी होती. मधे तीस घरं. श्रावणातला शनिवार, साल १९९६, भर दुपार. रविवारी कानबाई बसणार, सोमवारी सकाळी विसर्जनाला निघणार, म्हणून सुकलाल आपला नवा स्पीकरचा डबा खांबावर चढवून वाजवून बघत होता.

गाणं मधेच थांबलं. ज्याच्या घरी कानबाई बसते त्या शालिग्रामचा आवाज आला, "आवाज कथा शे रे?" कुठे आहे आवाज, असं तो विचारत होता.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही, ऐकलं. ते लिहिण्याआधी सुकलाल कोण, ते लिहिते.

सुकलाल खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा. सुरतेत लिंबायतला आमच्या आधी आलेला. कापड विणायचे अठ्ठेचाळीस लूम एका छपराखाली धडधडतात, तिथे तो बारा-बारा तास उभा असायचा. आत शब्द ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. घरी आल्यावरही समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात, नव्या सुनांना ते विचित्र वाटतं. अठ्ठ्याऐंशी साली चालू लूममधून धोटा निसटला आणि सुकलालच्या डाव्या कानशिलावर बसला. आडवा धागा नेणारा, लोखंडी टोकाचा धोटा. कान अर्धा फाटला, गमछा भरून रक्त गेलं. टाके पडले, पण तो कान कायमचा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा जपा, मोठ्या आवाजात जाऊ नका. त्याने लूम सोडली आणि पुढच्या खोलीत रेडिओ, टीव्ही, भोंगे दुरुस्त करायला बसला.

आणि भोंगे बांधायचा खांब नेमका त्याच्या दारात. कानबाईला दरवर्षी त्यावर दोन भोंगे चढायचे. सोमवारी सकाळी त्याच्या फळीवरची भांडी आपोआप सरकायची. सुकलाल कानात कापूस कोंबून, वर गोधडी घेऊन आत बसायचा. भोंगे नका लावू, असं म्हणायची सोय नव्हती. कानबाई शालिग्रामच्या घरची, आणि गल्लीत शालिग्रामच्या शब्दापुढे कोणी बोलत नसे. मागच्या साली एकाने वाद घातला, तर त्याची रिक्षा दुसऱ्या दिवशी काचेशिवाय उभी होती.

मग सुकलालने दुसरी वाट काढली. आवाज होऊ दे, पण माझ्या घरावर पडू नये. त्यावर त्याने दोन वर्षं घालवली. मोडक्या टीव्हींमधले आठ लहान स्पीकर त्याने एका ओळीत फळीवर बसवले. पहिल्यांदा तो डबा आडवा टांगला, तर आवाज छपरांवर आणि गटारात गेला, गल्लीत आलाच नाही. चार महिने डोकं धरून बसला होता. मग एके दिवशी तोच डबा त्याने उभा केला. माणसाच्या उंचीचा, वीतभर रुंद, आठ तोंडं एकाखाली एक. ऐकून त्याला खात्री वाटत नसे, म्हणून लाकडाला तळहात लावून पारखायचा.

मला म्हणाला, "वहिनी, नळीचं तोंड दाबलं की पाणी कसं चपटं होऊन लांब जातं? तसं. आठही एकदम ढकलतात, मग आवाज वर-खाली सांडत नाही, सरळ समोर जातो."

"म्हणजे तुझ्या घरी शांतता आणि कान आमचे जाणार," मी म्हटलं.

"नाही हो. भोंग्यासारखं बोंबलावं लागत नाही याला. तुमच्या ओट्यावर बोलण्याएवढाच येईल. तुम्ही उगाच भांडण काढू नका, माझा एकच कान आहे."

त्याची चूक एवढीच झाली की त्याने लोकांची सवय हिशेबात धरली नाही. आमच्याकडे लाउडस्पीकर चालू झाला हे शिट्टीवरून कळतं. माइक भोंग्याजवळ नेला की कर्कश शिट्टी निघते, पोरं कान दाबतात आणि बायका म्हणतात, चला, लागलं. सुकलालच्या डब्याखाली आवाज पडतच नव्हता, म्हणून माइक खांबाच्या बुडाशी धरला तरी शिट्टी नाही. त्याला वाटलं, हीच तर कमाल. शालिग्राम चार माणसं घेऊन आला तो नेमका त्याच बुडाशी उभा राहिला. शिट्टी नाही, डोक्यावर आवाज नाही. तारा तर गाताना दिसतेय.

इकडे माझ्या ओट्यावर शब्द न् शब्द येत होता.

"भाऊ, आठे नही," सुकलाल म्हणत होता, म्हणजे इथे नाही. "गल्लीना शेवटले जाईसन ऐका."

"माले शिकाडस? मागच्या गल्लीवालास्नी फोडं ना तुले? आमनी कानबाई मुकी निंघाले पाहिजे, असंच ना?" मागच्या गल्लीने सुकलालला फितवलं, असा त्याचा आरोप होता.

मग एक थप्पड. मी सूप घट्ट धरलं. मग लाकडावर डोकं आपटल्याचा आवाज, फुटका नारळ पडावा तसा. कोणी तरी हसलं. लाथ बसली की माणसाच्या छातीतून जो वारा निघतो, तोसुद्धा मला ऐकू आला. तारा ओरडत होती, "नका मारू हो, त्यासना एकच कान शे." माइक तिच्या हातातून पडला असावा, धाडकन आवाज झाला आणि त्यानंतर सगळं आणखी जवळून येऊ लागलं. शालिग्रामचा श्वाससुद्धा. तो वाकून आपल्या माणसाला हळू सांगत होता, "तोंडवर नको. कानवर मार. निशान राहत नही."

त्यानंतरचे तीन फटके मी मोजले. तिसऱ्याला सुकलाल किंचाळला, आणि मी धावले.

धावताना एक गोष्ट घडली ती मरेपर्यंत विसरणार नाही. खांब जवळ येत गेला तसा आवाज कमी होत गेला. पोचले तेव्हा डब्यातून काही ऐकू येत नव्हतं. समोर नुसती माणसं आणि त्यांची धाप. सुकलाल खांबाला धरून गुडघ्यावर होता. उजव्या कानातून रक्ताची धार मानेवरून सदऱ्यात उतरत होती. ताराने एकाच्या मनगटात दात रुतवले होते आणि तो तिला केसांना धरून हिसडत होता.

हातात सूप होतं ते मी शालिग्रामच्या तोंडावर मारलं. रोटाचे गहू त्याच्या डोळ्यांत, सदऱ्यात. बाईने पुरुषाला सुपाने मारणं म्हणजे केवढा अपमान आणि अपशकुन, ते त्याला ठाऊक होतं. त्याने हात उगारला.

"मार," मी म्हटलं. "पण कानावर मार. निशान राहत नाही."

त्याचा हात तिथेच थांबला.

"तुले कोनी सांगं?"

"तूच सांगितलंस. माझ्या ओट्यावर. सरलाबाईच्या ओट्यावर. तिकडच्या अकरा घरांत. मागच्या गल्लीचं जे बोललास तेही सांगू?"

तोवर त्या टोकाच्या बायका येत होत्या. सरलाबाईच्या हातात लाटणं होतं, कोणाच्या हातात धुणं बडवायची मोगरी. पुरुष मागून येत होते, जरा सावकाश. ज्याने ताराचे केस धरले होते त्याला सरलाबाईने कोपरावर लाटणं घातलं, हाड वाजलं. शालिग्रामने खाली पडलेल्या माइककडे बघितलं, वर डब्याकडे बघितलं आणि गहू झाडत निघून गेला.

सुकलालला काहीच ऐकू येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पण घाईत माझे ओठ त्याला कळेनात. ताराने त्याची हनुवटी धरून आवाज न काढता सांगितलं की, गल्लीच्या शेवटपर्यंत वाजत होतं. त्याने रक्ताळलेल्या तोंडाने विचारलं, "शब्द फुटत होते का?"

मी मान हलवली. नाही फुटत, शब्द न् शब्द स्वच्छ.

कानाचा पडदा फाटलाय. किती भरून येईल ते डॉक्टर सांगत नाहीत; महिन्यानंतर बघू म्हणाले. त्यांनी मार लागल्याचा कागद लिहून दिला. सोमवारी कानबाई लाउडस्पीकरशिवाय निघाली, बायकांनी नुसत्या गळ्याने गाणी म्हटली. भोंगे आणायला शालिग्रामचा माणूस निघाला होता, त्याला सरलाबाईने परत फिरवलं.

आज मंगळवार. सकाळी शालिग्रामची बायको, लीला, रोट घेऊन आली. म्हणाली, "मातेच्या दिवसांत पोलीस चौकी नको, वहिनी. सुकलालभाऊला तुम्हीच समजवा. तुम्ही एवढं देवाचं करता."

रोट मी डोक्याला लावून ठेवून घेतला. तिला म्हटलं, "लीला, दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईला ते कुजबुजणं कोणी ऐकवलं? मी देवाचं करते म्हणूनच गप्प बसता येत नाही."

ती रडत गेली. तिची दया आली, लिहिताना आताही येते. पण सुकलालने पाटीवर लिहून मला एकच विचारलं होतं, तुम्ही ऐकलेलं सांगाल का.

उद्या सकाळी दहा वाजता सुकलाल, तारा आणि मी पोलीस चौकीवर तक्रार लिहून द्यायला जाणार आहोत.