नवतप्यातलं गाणं

“कूलर कोणी बंद केला, एवढंच विचारून राहिली मी. यात चिडण्यासारखं काय आहे?” वैदेही म्हणाली.

“बाबांनी स्वतः बंद केला, ताई. किती वेळा सांगू?” सुमंतने कपाळावर हात मारला. “नेहमी तेच करायचे.”

“नेहमी! ऐंशी पार केलेला माणूस मे महिन्यात, भर नवतप्यात, दुपारी, आपल्या हातानं कूलर बंद करतो आणि घरातले म्हणतात, नेहमी तेच करायचे. माझ्याकडे असते तर मी करू दिलं असतं?”

“तुझ्याकडे राहायचे कुठे? तुझ्या सोसायटीत कोणी बोलत नाही म्हणून दोन दिवसांत परत यायचे.”

“विषय बदलू नको, सुमंत. तुझी बायको तिथे सांबार निवडत बसलीय. तिनं बोलावं.”

वंदना स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पानं खुडत होती. बाबांच्या तेरवीची मोठी पातेली अजून बाल्कनीत पालथी पडली होती. कॅटरर आज नेतो, उद्या नेतो करत होता. समोरच्या खोलीत बाबांची खाट होती, आणि बाबा गेल्यापासून खिडकीतला कूलर रात्रंदिवस चालू होता. त्या खोलीत आता कोणी झोपत नव्हतं, पण तो बंद करायला कोणाचा हात धजत नव्हता.

“मी आतल्या खोलीत होती, ताई,” वंदना म्हणाली. “कानाले हेडफोन होते.”

हेच तिनं पहिल्या दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं. तेव्हापासून घरात सगळे हेच वाक्य बोलत होते. सुमंत तर तिच्याआधीच बोलायचा.

नागपूरच्या महाल भागातल्या या घरात ती आली तेव्हा तिचं नाव पंचफुला होतं. काटोलजवळ वडलांची संत्र्याची बाग. बहार उतरला की आई मंडईत ढिगापाशी बसून फळं निवडायची, डागी बाजूला, बारीक बाजूला, आणि पोरगी शेजारी बसून गायची. आवाज एवढा मोठा की पलीकडच्या ढिगावरचे व्यापारी म्हणायचे, “पोरीले थांबव वं बाई, भाव ऐकू येऊन नाही राहिला.” कॉलेजसाठी ती नागपूरला आली आणि ऑर्केस्ट्रात लागली. गणपती, शारदोत्सव, लग्नांचे रिसेप्शन. तिथे तिचं काम एकच होतं, दुसऱ्यांच्या आवाजात गायचं. लोक उठून ओरडायचे, “सेम टू सेम!” सुमंत अशाच एका कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेला सापडला आणि मग प्रत्येक कार्यक्रमात सापडत राहिला.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं गेलं ते वंदना. ‘पंचफुला’ ऐकून वैदेही म्हणाली होती, “अगं बाई, हे तर फडावरचं वाटतं.” मनोहररावांनी, म्हणजे सुमंतच्या वडलांनी, काही वाद न घालता नवं नाव सुचवलं. ते भूमी अभिलेख कार्यालयात होते. नाव बदलणं, नोंद करणं, यात त्यांना काही विशेष वाटत नसे.

स्वतःचं गाणं तिनं आई गेल्यावर केलं. काटोलहून परत येताना बसमध्ये ते सुचलं आणि उतरेपर्यंत पुरं झालं. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला दुर्गेशनं ते पुन्हा गायला लावलं. मग त्यानं तिला मोबाइलवर एका परदेशी बाईची गाणी लावून दिली. भाषा कळत नव्हती. वंदनानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “ही बाई रडून नाही राहिली गा. भांडून राहिली.”

“यालेच सोल म्युझिक म्हणतात, वहिनी,” दुर्गेश म्हणाला. “तुम्ही तेच करून राहिल्या.”

पहिलं रेकॉर्डिंग त्यानं आपल्या स्टुडिओत केलं. घरच्याच बोलीतली, घरातलीच गाणी. नणंदेशी धरलेला अबोला, माहेरच्या बसची वाट, आरशात पाहिलं की हाक मारणारं जुनं नाव. बाबांनी ती सगळी ऐकली, खाटेवर बसून, कानाशी मोबाइल धरून. नंतर म्हणाले, “यात वंदना गात नाही. वर पंचफुलाच लिही.” ज्यानं नाव काढून घेतलं होतं त्यानंच ते परत दिलं, आणि तेही नोंद दुरुस्त करावी तसं, पुढच्या वाक्यात चहा मागत.

ती गाणी फार लांब गेली नाहीत, पण जिथे गेली तिथे राहिली. धंतोलीतल्या एका नर्सनं लिहिलं होतं की ड्युटी संपली की मी घरी जाण्याआधी पार्किंगमध्ये गाडीवर बसून तुमचं एक गाणं ऐकते, मगच किल्ली फिरवते. बाबा ते येईल त्याला वाचून दाखवत.

पुढे दुर्गेशचा स्टुडिओ बंद पडला आणि तो लग्नांच्या साउंडवर गेला. तसंही स्टुडिओतला आवाज वंदनाला परका वाटायचा, दुसऱ्याच्या घरी जेवल्यासारखा. तिनं घरीच गायला सुरुवात केली. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करायच्या, गोधड्या दोरीवर टाकायच्या आणि मध्ये माइक. पण महालातली गल्ली. दिवसभर गाड्यांचे हॉर्न, भंगारवाला, शेजारच्यांचा मिक्सर. ती गल्ली गप्प होते फक्त मे महिन्याच्या दुपारी, आणि नवतप्याच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत तर कुत्रंसुद्धा गाडीखालून हलत नाही. म्हणून वंदनाची सगळी रेकॉर्डिंगं उन्हाळ्यातली. पण बाहेर शांत असलं तरी घरातला कूलर टेम्पोसारखा घरघरतो. म्हणून तेवढा वेळ पंखे बंद, कूलर बंद.

खुणेसाठी ती दाराच्या कडीला ओढणी बांधायची. ओढणी दिसली की घर श्वास धरून बसायचं. खुशी, तिची पोरगी, बाहेरून आली तर चपला हातात घेऊन आत शिरायची. आणि सगळ्यात कडक होते बाबा. कूलरचं बटण तेच बंद करत, खोकला आला तर तोंडाला उशी लावत, आणि ओढणी दिसताच म्हणत, “चला, कर्फ्यू लागला.”

त्या दिवशीही तेच म्हणाले होते. खिशात कांदा होता, लू लागू नये म्हणून. शेजारी माठातल्या पाण्याचा गडू होता. सुमंत बँकेत, खुशी कॉलेजात. वंदनानं दार लावलं.

वैदेही पुढचं काही विचारणार, तेवढ्यात बेल वाजली. खुशीनं दार उघडलं. दुर्गेश होता, घामानं भिजलेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग. त्याला वाटलं होतं सुमंत एकटा असेल. वैदेहीला पाहून त्यानं जागच्या जागी हात जोडले.

“बस,” सुमंत म्हणाला. “ताई, दुर्गेश. पुण्याची गाण्यांची कंपनी त्यानंच पाहिली. त्या दिवशी रेकॉर्ड झालेलं ‘सालपट’ गाणं त्यांना पाहिजे आहे. पहिल्यांदा कोणी मोठं वंदनाला घेऊन राहिलं. बाबांचीच इच्छा होती ती.”

“बाबांची इच्छा त्या दिवशी काय होती ते तुला माहीत आहे?” वैदेहीचा आवाज फाटला. “ज्या गाण्यापायी माणूस गेला ते गाणं तुम्ही विकणार?”

“विकणार काय, ताई? खाली लिहू ना, बाबांना अर्पण.”

“फोटोही टाक. हार घालून.”

दुर्गेशनं इकडे तिकडे पाहिलं. त्याला कामाचं बोललं की सुटल्यासारखं वाटायचं. “दादा, ते भांड्याचं मी साफ केलं. अगदी कळत नाही. म्हणजे आधी कसं होतं अन् आता कसं, ऐकवून देतो.”

“कुठलं भांडं?” वैदेहीनं विचारलं.

 वंदनाच्या हातात सांबाराची काडी तशीच राहिली.

“ते... रेकॉर्डिंगमधी आलं होतं,” दुर्गेश म्हणाला. “गडू पडल्याचा आवाज.”

“लाव,” वैदेही म्हणाली. “साफ केलेलं नको. पहिलं लाव.”

दुर्गेशनं लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. गाणं सुरू झालं. वाद्य नव्हतंच, नुसता आवाज, जवळचा, कोणी कानाशी बसून बोलावं तसा.

फोड न् फोड तुले देल्ली, मी चाखून नाही पाह्यलं,
माह्या बोटाले नुसतं सालपट राह्यलं.

आईवरचं गाणं होतं ते. मंडईतून आलेल्या आईच्या बोटांवरचं. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच लांब कुठेतरी ठण्ण झालं आणि काहीतरी गडगडत जाऊन थांबलं. वैदेहीनं पदर तोंडाशी धरला. सुमंत खिडकीकडे पाहू लागला.

गाणं थांबलं नाही. उलट आवाज वर उठला. आधी जो नुसता सांगत होता तो आता विचारत होता, अंगावर येत होता. तोच शब्द पुन्हा, पण दात आवळून.

“इथून पुढे ऐका,” दुर्गेश न राहवून म्हणाला. “काय लागलाय आवाज! कंपनीवाले याच तुकड्यावर पागल झाले. वहिनी जिंदगीत असं गाइल्या नव्हत्या.” मग त्याला खोलीत कोण कोण बसलंय ते आठवलं आणि त्यानं गाणं बंद केलं.

“पुन्हा लाव,” वैदेही म्हणाली. “भांड्यापासून.”

पुन्हा ठण्ण झालं. पुन्हा तो आवाज चढला.

“हा आवाज मला माहीत आहे,” वैदेही हळू म्हणाली. तिची चीड कुठे गेली होती कोण जाणे. “दूध उतू गेलं की हिचा आवाज असाच होतो. मी आले असताना खुशीनं काही सांडलं की असाच. ही चिडलीय, सुमंत. भांडं पडलं म्हणून चिडलीय. हिनं ऐकलं होतं.”

“हेडफोन होते तिला,” सुमंत म्हणाला.

“बाबा,” खुशी सुमंतला म्हणाली. ती आईकडे पाहत नव्हती. “माइकमध्ये येतं ते सगळं हेडफोनमध्ये येतं.”

सुमंतनं दुर्गेशकडे पाहिलं. दुर्गेश बॅगेची चेन उघडझाप करत बसला.

वंदनानं मांडीवरची पानं ताटलीत टाकली. तिला आठवलं ते सगळं नेमकं होतं. कडवं जमत आलं होतं, अशा दुपारी जे हाताला लागतं आणि निसटतं ते तिच्या हाताला लागलं होतं, तेवढ्यात ते ठण्ण. मनात आलं होतं, या म्हाताऱ्याले आत्ताच पाणी पाहिजे होतं काय. तेच सगळं गळ्यातून बाहेर आलं. शेवटपर्यंत गाऊन झालं, आणि तरी ती उठली नाही. हेडफोन न काढता तिनं ते एकदा परत ऐकलं, कारण तिला कळलं होतं की हे आजवरचं सगळ्यात चांगलं झालंय. मग दार उघडून कडीची ओढणी अर्धी सोडली, तेवढ्यात खाटेकडे नजर गेली. बाबा खाटेशेजारी जमिनीवर पडले होते. हात कूलरच्या बटणाकडे नव्हता, दाराकडेही नव्हता. कांदा खिशातून निघून कोपऱ्यात गेला होता. धंतोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षात ती त्यांच्या तोंडावर पाणी मारत राहिली, आणि डॉक्टरनं विचारलं, “किती वेळ झाला?” तेव्हा ती हेडफोनचं वाक्य पहिल्यांदा बोलली.

“ऐकलं होतं,” ती म्हणाली.

सुमंत उठून उभा राहिला. “वंदना, आता काही बोलू नको. ताई, बाबांचं वय...”

“बोलू दे तिला,” वैदेही म्हणाली.

“ऐकलं होतं, ताई. वाटलं, पाणी सांडलं असेल. राग आला. तेच तुमाले ऐकू येऊन राहिलं. गाऊन झाल्यावर मी ते पुन्हा ऐकलं, मंग दार उघडलं.”

कूलरचं पाणी वाळ्याच्या ताटीवरून टपटपत होतं. वैदेही रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिनं दुर्गेशला विचारलं, “ते साफ केलेलं सोडून दुसरं जे आहे, ते मला मोबाइलवर मिळेल का?”

“ताई, कशाला?” सुमंत म्हणाला.

“बाबांचा तेवढाच आवाज आहे माझ्याकडे. भांड्याचा का होईना.”

दुर्गेशनं वंदनाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मग ती ताटली घेऊन उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि सुमंतच्या समोर येऊन उभी राहिली.

“कंपनीले सांग, हे गाणं भेटणार नाही.”

“अगं, पण इथवर आणलं,” सुमंत म्हणाला. “भांडं काढलंय ना त्यानं. कोणाला कळणार आहे?”

“भांडं काढलं. राग कुठं काढला?”

“वहिनी, मग दुसरं देऊ?” दुर्गेश घाईनं म्हणाला. “म्हणजे हेच, पण पुन्हा गाऊन? पण तो आवाज...”

“तो नाही लागणार,” वंदना म्हणाली. “मले माहीत आहे.”

ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. कडीला ओढणीची गाठ त्या दिवसापासून तशीच, अर्धी सुटलेली होती. तिनं ती सोडली, घडी केली आणि खुशीच्या हातात दिली.

“उद्या दुपारी मी पुन्हा गाणार आहे. समोरच्या खोलीत, बाबाच्या खाटेवर बसून. कूलर बंद होणार नाही अन् दार लागणार नाही. ज्याले आवाज करायचा त्यानं करावा.”