सायबाच्या कुत्रीची जट

दुष्काळात काढलेल्या तलावाच्या कामावरचा ओव्हरसियर बदलून गेला तेव्हा त्याने आपली कुत्री माझ्या वडिलांच्या हवाली केली. वडील अणदूरच्या सोसायटीत गोदामाचे शिपाई होते आणि आमचे घर गोदामाला लागूनच होते. दोन महिन्यांत येऊन घेऊन जातो, असे तो म्हणाला होता. तो आला नाही. कुत्री लांब केसांची होती, पाठीवर पांढरी आणि पोटाखाली तांबूस. तिचे इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसले नाही. गाव तिला सायबाची कुत्री म्हणे.

दुष्काळाच्या काळात तिच्या केसांना काही झाले नाही, कारण रानात अंगाला चिकटण्यासारखे काही उगवतच नव्हते. मग पाऊस झाला. बांधांवर गवत आले आणि कुत्री रोज संध्याकाळी कुसळे आणि गोखरू घेऊन घरी येऊ लागली. विंचरायची असते हे कुणाच्या ध्यानात आले नाही. गावची कुत्री कोण विंचरतो? दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो तेव्हा तिच्या कानांमागे, शेपटीला आणि पुढच्या दोन्ही पायांच्या बगलेत केसांचे घट्ट गोळे झाले होते. उजवा पाय ती पुरता टाकत नव्हती. गुरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरने लांबूनच पाहून सांगितले, "आत ओल ऱ्हातीय. थंडी पडायच्या आत मोकळं करा, न्हाय तर कातडं सडंल."

वडिलांनी मेंढ्या भादरणाऱ्या एका धनगराला बोलावले. तोंड सुतळीने बांधून दोघांनी तिला गोदामाच्या ओट्यावर आडवे केले. गोळा ओढला की त्याच्याबरोबर कातडीही वर येत होती, हे दोघांच्या उशिरा लक्षात आले. कातर कानामागे लागली. सुतळी सुटली आणि कुत्रीने वडिलांच्या मनगटाला दात लावले.

"मेंढीचं अंग कळतंय मला," धनगर कातर पुसत म्हणाला. "हिचं केस कुठं सरत्यात आन् कातडं कुठं लागतंय, काय उमगंना."

त्यानंतर ती कुणालाच जवळ येऊ देईना. खताला आलेल्या एका माणसाच्या धोतराला ती झोंबली. सोसायटीच्या चेअरमनने वडिलांना बोलावून सांगितले की कुत्री आठ दिवसांत गोदामावरून हलवा. हलवा म्हणजे काय, ते वडिलांना समजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोलापूरकडे खडी नेणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलून ठेवले. लांब कुठेतरी सोडून द्यायची असे ठरले.

दरम्यान गल्लीत वेगळेच चालू झाले होते. गाव खंडोबाचे आणि कुत्रा खंडोबाचा, तिथे कुत्र्याला कुणी सहसा दगड मारत नाही. त्यात केसांचे असे गोळे. एका सकाळी कुत्रीच्या कपाळावर भंडारा लावलेला दिसला. समोरच्या घरातल्या म्हातारीने वडिलांना हटकले, "जट आलीया तिला. देवाची हाय. कातर लावली म्हणून तर चावली तुमाला."

"गोखरूची जट हाय ती, मावशी," वडील म्हणाले. "देव बांधावर ऱ्हातो का?"

वडिलांचा राग नुसता म्हातारीवर नव्हता. माझ्या आत्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, चौदाव्या वर्षी जट आली होती. घरच्यांनी ती देवीची मानली आणि तिच्या हातात परडी दिली. ती मंगळवारी जोगवा मागायला जाई. धर्मांतर होऊन आमचे लोक बौद्ध झाले त्या हिवाळ्यात वस्तीच्या सभेत तिची जट कापली गेली. वडील तिथे हजर होते आणि त्या गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान वाटला. आत्या पुढे आमच्याकडेच राहिली आणि शेतमजुरीला जात राहिली. केसांविषयी ती कधी बोलली नाही.

तिनेच त्या दिवशी सांगितले, "दादा, कातर लावू नका. म्या सोडविते."

वडिलांनी विचारले, "तुला आजून देवीचं भ्या वाटतंय व्हय?"

"देवीचं न्हाय," आत्या म्हणाली. "कातरीचं वाटतंय."

आठांपैकी तिच्या हाती सहा दिवस उरले होते. पहिले दोन दिवस तिने कुत्रीला हातच लावला नाही. दुपारी रानातून आल्यावर ती ओट्यावर बसे, भाकरी खाई, तुकडा बाजूला ठेवी आणि कुत्रीकडे पाठ करून तांदूळ निवडत राही. तिसऱ्या दिवशी कुत्री तिच्या पायाला टेकून बसली. मग आत्याने वाटीत करडीचे तेल घेतले आणि शेपटीच्या गोळ्यात थेंब थेंब जिरवले. पोती शिवायचा दाभण तिने गोदामातून आणला होता. त्याच्या बोथट टोकाने ती गोळ्याच्या बाहेरच्या बाजूने चार-चार केस सोडवी. एक हात कायम केसांच्या मुळाशी दाबून धरलेला असे, म्हणजे ओढ कातडीला लागत नसे. एक कान मोकळा व्हायला अख्खी दुपार गेली. म्हातारी दारातून बघत होती. "हात झडतील गं," ती म्हणाली.

"झडले तर तुमीच भरवा मला, मावशी," आत्या म्हणाली.

सहाव्या दिवशी फक्त उजव्या बगलेतला गोळा राहिला. तो तेलाने सैल होईना. त्याला वास येत होता. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. आत्याने खूप वेळ बोटांनी चाचपून पाहिले आणि मग म्हणाली, "दादा, हिचं डोकं धरा. आन् घरातली लहान कातर आणा."

मी कातर आणून दिली. वडिलांनी चावा बसलेल्या हातानेच कुत्रीचे डोके मांडीवर घेतले. तोंड बांधले नाही. आत्याने गोळा आणि कातडी यांच्यामध्ये आपली दोन बोटे सरकवली आणि बोटांच्या वरून कातर चालवली. आणखी थोडे तेल, पुन्हा थोडी कातर. कुत्री गुरगुरली, पण चावली नाही. गोळा निघाला तेव्हा खाली लाल, ओली जखम होती. तिच्यात कुसळाचे टोक रुतलेले होते. ते आत्याने नखाने काढले आणि जखमेत हळद भरली.

कुत्री उठली, तिने अंग झाडले आणि ती चारही पाय टेकवून ओटा उतरली. वडिलांनी ट्रकवाल्याकडे निरोप पाठवला की येऊ नको, आणि चेअरमनला कळवले की कुत्री आता चावत नाही.

त्यानंतर ते ओट्यावरच बसून राहिले. आत्या तेलकट हात तरटाला पुसत होती. वडिलांनी तिच्याकडे न पाहता विचारले, "तवा लई दुखलं हुतं का तुला?"

"दुखलं," आत्या म्हणाली. "काढायचीच हुती, दादा. पर आदी तेल लावाया पायजे हुतं."